कुत्र्याच्या वाटणीचं मटण

बोकड कापला की त्याचं काहीच वाया जात नाही, फक्त प्रत्येक भागाचा भाव वेगळा आणि गिऱ्हाईक वेगळं. मांडी, सीना, चाप यांना पहिली मागणी. कलेजी-गुर्द्याचे शौकीन ठरलेले, वजडी आणि मुंडी-पायांचेही. मागे उरतं ते फुप्फुस, तिल्ली, चरबीची छाट आणि हाडाला चिकटलेलं चिवट मांस. चिकनच्या दुकानात हीच उतरंड माना, पाय, कातडी आणि कलेजी-पेठ्याशी येऊन थांबते. ज्यांच्या परसात गिरिराज किंवा वनराज कोंबड्या आहेत, त्यांच्याकडे जादा नर असतात आणि अंडी देणं थांबलेल्या कोंबड्याही असतात. त्यांचं मांस इतकं निबर की घरचे नाक मुरडतात. कुत्रा पाळणाऱ्याची नजर या सगळ्याकडे जाते आणि शेजारीच पिशवीबंद कोरड्या खाण्याच्या किमतीकडेही जाते. मग साहजिकच मनात येतं की हे मांस शिजवून घातलं तर पैसे वाचतील आणि कुत्र्याच्या पोटात काय जातंय तेही कळेल. विचार बरोबर आहे, पण अर्धाच. कुत्र्याच्या जेवणात मांस मिळवणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. मांसात जे मुळातच नसतं ते बाहेरून घालणं आणि मांसाबरोबर जे न बोलावता येतं ते पातेल्यातच मारणं, ही दोन कामं अवघड आहेत. ती केली तर स्वस्तातल्या मांसावर कुत्रा उत्तम जगतो. न केली, तर त्या मांसाइतकं महाग खाणं दुसरं नाही. फक्त बिल उशिरा येतं.

कुत्र्याला मांस हवंच आणि बाकी सगळं भरताड, हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्ट पचवणारं अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्याकडे दोनच प्रती असतात. कुत्र्याकडे त्या चारपासून तिसापर्यंत सापडल्या. माणसाच्या चुलीशेजारी काढलेल्या हजारो वर्षांनी कुत्र्याचं पोट बदललं. भात, ज्वारीची भाकरी, रताळं शिजवून घातलं तर ते त्याला नीट पचतं. उलट धान्य पूर्ण काढून टाकण्याच्या फॅशनकडेच संशयाने पाहावं लागलं. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ साली धान्यविरहित आणि कडधान्यांवर भर देणाऱ्या पिशवीबंद खाण्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी काही संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली. कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही, पण ‘धान्य म्हणजे भेसळ’ हा प्रचार मात्र उघडा पडला. खर्चाच्या दृष्टीनेही ही चांगली बातमी आहे. पातेल्यातला निम्मा भाग तांदूळ किंवा ज्वारी असू शकतो.

यावर गावाकडून हमखास येणारा आक्षेप असा: आमच्या आज्यापणज्यांची कुत्री भाकरी-ताकावर जगली, त्यांना कुठे लागला हा हिशेब? ती जगली हे खरंच. पण ती साखळीला बांधलेली नव्हती. घरची भाकरी हा त्यांच्या खाण्याचा एक भाग होता. उरलेला भाग त्यांनी उकिरड्यावर, शेताच्या बांधावर, उंदीर-घुशींच्या बिळांपाशी आणि कुणाच्या तरी कंदुरीच्या मागच्या अंगणात मिळवला. आणि त्यांतली किती पिल्लं वर्षाच्या आत मेली, किती पाय वाकडे करून जगली, हे कुणी मोजलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या लॅब्रॅडॉरला उंदीर मिळत नाही. आपण वाटीत जे घालू, तेवढंच त्याचं जग. म्हणून जबाबदारी वाढते.

आता मांसात जे नसतं त्याकडे येऊ. यातला सगळ्यात मोठा खड्डा कॅल्शियमचा. १०० ग्रॅम बिनहाडाच्या चिकनमध्ये कॅल्शियम असतं जेमतेम १०-१२ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट. मटण, म्हशीचं मांस, कलेजी, हृदय यांचंही तेच. कलेजीत तर तफावत आणखी मोठी. उलट, कुत्र्यांच्या खाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या हिशेबाने प्रौढ कुत्र्याच्या दर हजार किलोकॅलरी खाण्यामागे किमान १.२५ ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि ते फॉस्फरसपेक्षा कमी असून चालत नाही. वीस किलोंच्या, रोज फिरायला जाणाऱ्या कुत्र्याची दिवसाची गरज साधारण तेवढीच, म्हणजे हजार किलोकॅलरीच्या आसपास असते. नुसत्या चिकनमधून एवढं कॅल्शियम द्यायचं तर त्याला रोज दहा किलोंहून जास्त चिकन घालावं लागेल. जंगलातला शिकारी प्राणी मांस खात नाही, तो प्राणी खातो: हाडांसकट, आतड्यांसकट, रक्तासकट. आपण दुकानातून त्या प्राण्याचा एक तुकडा आणतो आणि त्यालाच ताकदीचं खाणं म्हणतो.

हा खड्डा भरला नाही तर शरीर तो आतून भरतं. रक्तातलं कॅल्शियम घसरू नये म्हणून मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांमधून ते ओढून काढत राहतात. गंमत अशी की यामुळे रक्ताच्या तपासणीत कॅल्शियम बऱ्याचदा ठीकच दिसतं आणि मालक निर्धास्त होतो. पिल्लांमध्ये काही आठवड्यांतच परिणाम दिसतो. पाय धनुष्यासारखे वाकतात, पिल्लू चालायला कुरकुरतं, सोफ्यावरून उडी मारल्याचं निमित्त होऊन हाड मोडतं. मोठ्या कुत्र्यात हेच महिनोन्‌महिने चोरपावलांनी चालतं. जबड्याचं हाड विरळ होत जातं, दात हलू लागतात. ‘मी तर त्याला रोज अर्धा किलो चिकन घालतो’ असं अभिमानाने सांगणाऱ्या घरातही हा आजार होतो. गरीब घरच्या भाकरीवर वाढणाऱ्या कुत्र्याला तो होतो तसाच नुसत्या मांसावरच्या लाडक्या कुत्र्यालाही.

हे वाचून कुणी कॅल्शियमच्या बाटलीकडे धावेल तर तेही तितकंच चुकीचं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात हाझेविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेट डेन पिल्लांना गरजेपेक्षा बरंच जास्त कॅल्शियम देऊन पाहिलं. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पिल्लांच्या सांगाड्याची वाढ बिघडल्याचं आढळलं. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही, आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला त्याची किंमत सांध्यांमध्ये मोजावी लागते. तेव्हा अंदाजपंचे दाहोदरसे इथे दोन्ही बाजूंनी अंगाशी येतं.

उपाय मात्र अगदी स्वस्त आहे, आणि घरच्या कोंबड्या असतील तर फुकट. अंड्याचं कवच म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्या वजनाच्या सुमारे ३८ टक्के कॅल्शियम असतं. कवचं धुऊन, तव्यावर किंवा ओव्हनमध्ये कडक वाळवून मिक्सरमध्ये मैद्यासारखी वस्त्रगाळ पूड करायची. आता त्या वीस किलोंच्या कुत्र्याचं एका दिवसाचं पातेलं मांडून बघू: थोड्या कातडीसह ३०० ग्रॅम बिनहाडाचं चिकन, २५ ग्रॅम कलेजी, १२० ग्रॅम कोरडा तांदूळ, चमचाभर तेल, थोडा लाल भोपळा. झाल्या साधारण हजार किलोकॅलरी. प्रथिनं भरपूर. फॉस्फरस सुमारे ७०० मिलिग्रॅम. कॅल्शियम? पन्नासच्या आसपास. यात ३ ग्रॅमच्या जरा वर कवचाची पूड, म्हणजे चहाचा अर्धा-पाऊण चमचा पडला की गणित जुळतं. पण हे प्रमाण या पातेल्याचं आहे, दुसऱ्या कुठल्या नाही. चिकनच्या जागी हाडासकट कुकरमध्ये मऊ झालेल्या तारल्या घातल्या तर कॅल्शियमचा मोठा वाटा माशांच्या काट्यांतूनच येतो आणि पूड कमी करावी लागते.

आणि इतकं करूनही जेवण पुरं होत नाही. इथेच बहुतेक पाककृती तोंडघशी पडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय विभागाने २०१३ साली पुस्तकं आणि इतर ठिकाणच्या, प्रौढ कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. १९० पाककृतींमध्ये, म्हणजे ९५ टक्के, किमान एका आवश्यक घटकाची कमतरता निघाली आणि त्यांतल्या बहुतेकांत एकाहून जास्त घटकांची. वर मांडलेलं पातेलंही या परीक्षेत नापास होतं. त्यातलं जस्त गरजेच्या एक तृतीयांशाच्या आसपास भरतं, कारण कोंबडीच्या मांसात जस्त कमीच. तांबंही तोकडं. कोंबडीच्या कलेजीऐवजी बोकडाची वापरली तर तांब्याचा प्रश्न बराच सुटतो, आणि मधूनमधून मटण किंवा म्हशीचं मांस घातलं की जस्त वाढतं. आयोडीनची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. ‘आयोडीनयुक्त मीठ घालतो की’ असं उत्तर मिळतं. आपल्याकडच्या मिठात घरी पोचेपर्यंत दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. हजार किलोकॅलरीमागे कुत्र्याला लागतं २५० मायक्रोग्रॅम. हिशेब केला तर सोळा-सतरा ग्रॅम मीठ होतं, आणि तेवढं रोज खाऊन कुत्रा आजारी पडेल. समुद्री मासळी आयोडीन देते, शिवाय ड जीवनसत्त्व देते, आणि कुत्र्याला हे जीवनसत्त्व माणसासारखं उन्हात बसून पुरेसं बनवता येत नाही. कोकणातल्या कुत्र्याचं नशीब या बाबतीत लातूरच्या कुत्र्यापेक्षा बरं. तरी जस्त, ई जीवनसत्त्व, आयोडीन यांसाठी पशुवैद्याने पातेलं पाहून ठरवलेली पूरक पूड लागतेच. मांस स्वस्तात मिळवून वाचवलेल्या पैशांतला थोडा भाग या पुडीवर खर्च करायचा आहे, हे सुरुवातीलाच मान्य करावं.

घरच्या जनावराचा फायदा इथे दिसतो. दुकानातून तुकडा आणणाऱ्याला नसतं ते सगळं घरी कापणाऱ्याकडे असतं: हृदय, कलेजी, गुर्दे, तिल्ली, पेठा, अंड्यांची कवचं. प्रमाण मात्र जनावराच्या शरीरातलंच ठेवावं. कलेजी एकूण मांसाच्या पाच ते आठ टक्क्यांच्या आसपास असावी. ती स्वस्त मिळाली म्हणून आठवडाभर तीच घालत राहिलं तर अ जीवनसत्त्व अंगात साठत जातं. गळ्याचे तुकडे घेताना मोठ्या जनावराची थायरॉइड ग्रंथी त्यात येणार नाही हे पाहावं. ती वारंवार खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये थायरॉइड वाढल्याच्या नोंदी आहेत. फुप्फुसात पोषण फारसं नाही, पण पोट भरतं.

पण घरी कापलेलं जनावर हाच या विषयातला सगळ्यात धोक्याचा भागही आहे. बोकड कापताना फुप्फुसावर किंवा कलेजीवर पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी दिसल्या, तर तो भाग माणसं खात नाहीत. काढून बाजूला टाकतात. जत्रेत, कंदुरीला, शेतावरच्या कार्यक्रमात तो बाजूला टाकलेला भाग कुणाच्या तोंडी जातो हे सांगायला नको. त्या गाठी हायडॅटिडच्या असतील तर एकेका गाठीत एका छोट्या पट्टकृमीची हजारो पिल्लं असतात. कुत्र्याच्या आतड्यात ती वाढतात, पूर्ण वाढ झालेला कृमी काही मिलिमीटरचाच. कुत्र्याला काहीही होत नाही. तो खेळतो, चाटतो. दीड-दोन महिन्यांनी त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडू लागतात, त्याच्या केसांना चिकटतात, भाजीच्या वाफ्यात पडतात, आणि मुलाच्या हातातून मुलाच्या पोटात जातात. मग तशीच गाठ त्या मुलाच्या यकृतात किंवा फुप्फुसात वर्षानुवर्षं वाढत राहते आणि कधीतरी शस्त्रक्रियेच्या टेबलावर सापडते. म्हणजे कुत्र्याला फुकट घातलेल्या फुप्फुसाची किंमत घरातलं माणूस मोजतं.

हे चक्र तोडता येतं, आणि आइसलँडने ते तोडून दाखवलं. एकोणिसाव्या शतकात तिथला मेंढपाळ समाज या रोगाने पोखरलेला होता. मेंढ्या घरी कापायच्या आणि आतडी-कोथळे कुत्र्यांना टाकायचे, ही रीत. हाराल्ड क्रॅबे हा डॅनिश संशोधक १८६३ साली तिथे गेला, कुत्र्यांची आतडी तपासली, कारण शोधलं आणि सामान्य माणसाला समजेल अशी पुस्तिका लिहिली. ती घरोघर वाटली गेली. पुढे कायदे आले: गाठी आलेले अवयव जाळा किंवा पुरा, कुत्र्यांना जंताचं औषध द्या. पुढच्या काही दशकांत नव्या पिढीतून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. न्यूझीलंडला तोच पल्ला गाठायला २००२ साल उजाडलं. आपल्याकडे अशी पुस्तिका कुणी घरोघर वाटलेली नाही. तेव्हा नियम आपणच घालून घ्यावा. गाठ दिसलेला अवयव कुत्र्याला नाही, तो खोल पुरायचा किंवा जाळायचा. न दिसलेलाही कच्चा नाही. लहान तुकडे करून आतपर्यंत खळखळून उकळायचा, कारण कलेजीचा मोठा गोळा वरून शिजलेला आणि आतून लाल राहतो. शेतावरच्या कुत्र्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेल या जंतनाशकाची गोळी ठरल्या वेळी द्यायची.

कच्च्या मांसाचे समर्थक इथे हरकत घेतील. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांच्या १९९३ सालच्या पुस्तकापासून कच्चं मांस आणि कच्ची हाडं हा कुत्र्याचा ‘नैसर्गिक’ आहार आहे, असं मानणारा मोठा वर्ग तयार झाला. कॅल्शियमबाबत त्यांचं म्हणणं बरोबर आहे: हाडासकट खाणाऱ्या कुत्र्याला कवचाची पूड लागत नाही. पण त्याच ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं की कच्चं चिकन, विशेषतः कच्च्या माना खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये अचानक पाय लुळे पडण्याच्या एका आजाराचा धोका वाढलेला आहे आणि त्यामागे कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूचा संबंध असावा. आपल्याकडे दुपारच्या उन्हात उघड्या लाकडी ठोकळ्यावर पडलेलं मांस दोन अंशांच्या शीतसाखळीतून येत नाही. ते गोठवलं तरी जिवाणू मरत नाहीत, झोपतात. निसर्गाचा आदर्श इथे आणायचा तर निसर्गातला मृत्युदरही आणावा लागेल. शिजवावं, आणि शिजवल्यावर हाड काढून टाकावं, कारण शिजलेलं हाड काचेसारखं तुटतं आणि आतडं फाडतं. कुकरमध्ये बोटांनी चुरडतील इतके मऊ झालेले लहान माशांचे काटे एवढाच अपवाद.

स्वस्त मांसाच्या उतरंडीत एक पायरी अशी आहे जिथे पायच ठेवू नये. पोल्ट्रीत मेलेल्या कोंबड्या कुत्र्यांना घालणं सर्रास चालतं. फुकट मिळतात, कुत्री खूश. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला २००६ साली भारतातली कोंबड्यांमधली बर्ड फ्लूची पहिली साथ सापडली. आणि नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या याच एच५एन१ विषाणूने मेले; संशय त्यांना घातलेल्या कोंबडीच्या मांसावर होता. कुत्रा मांजरवर्गापेक्षा या विषाणूला कमी बळी पडतो, पण पडत नाही असं नाही. थायलंडमध्ये २००४ साली बाधित बदक खाल्लेला कुत्रा मेल्याची नोंद आहे. कशाने मेली हे माहीत नसलेली कोंबडी, शेळी, म्हैस कुत्र्याच्या वाटणीची नाही. औषध चालू असताना कापलेल्या जनावराचंही तेच: प्रतिजैविकाच्या शेवटच्या मात्रेनंतर जेवढे दिवस थांबायला सांगितलं असेल, तेवढे माणसासाठी थांबायचे तसेच कुत्र्यासाठीही.

मग पिशवीबंद खाणंच बरं नाही का? प्रामाणिक उत्तर: ज्याला वजनकाटा, वेळ आणि पशुवैद्य यांपैकी काहीच हाताशी नाही, त्याच्यासाठी हो. निकष पाळून बनवलेल्या पिशवीत जस्त-आयोडीनचा हिशेब झालेला असतो. पण पिशवी म्हणजे हमी, असंही नाही. २००७ साली उत्तर अमेरिकेत शंभराहून जास्त नाममुद्रांचं कुत्र्या-मांजरांचं खाणं बाजारातून परत घ्यावं लागलं. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये, प्रथिनं जास्त दिसावीत म्हणून मेलामाइन मिसळलेलं होतं, आणि त्याने मूत्रपिंडं निकामी होऊन जनावरं मेली. पातेल्यात काय आहे हे घरी शिजवणाऱ्याला माहीत असतं. काय नाही हे त्याला माहीत नसतं. पिशवीचं याच्या उलट. दोन्हीपैकी कोणतं अज्ञान आपल्याला दूर करता येईल, यावर निवड करावी.

एक आक्षेप नैतिक आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ज्या वजडीला, मुंडीला, कलेजी-पेठ्याला आपण ‘कुत्र्यापुरतं’ म्हणतो, ते कित्येक घरांत रविवारचं जेवण असतं. म्हणूनच कुत्र्यासाठी शोधताना माणसांच्या पसंतीखालची पायरी शोधावी: फुप्फुस, तिल्ली, छाट, निबर म्हातारी कोंबडी. कमी मांस आणि जास्त धान्य हे प्रमाण इथेही कामाचं. प्रौढ कुत्र्याला हजार किलोकॅलरीमागे किमान ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे वरच्या पातेल्यातलं चिकन थोडं कमी करून एखादं अंडं घातलं तरी भागतं. घरातल्या रश्श्याची वाटी मात्र त्याला ओतू नये. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि वाटण शिजवलं म्हणून ती जात नाहीत. त्याचं मांस आपल्या फोडणीआधी वेगळं काढावं.

पिल्लू, गाभण किंवा दूध पाजणारी कुत्री, मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा विकार असलेला कुत्रा यांच्यासाठी हा उद्योग घरच्या अंदाजाने करू नका. तिथे चुकीला वाव नाही. निरोगी प्रौढ कुत्र्यासाठी करायचा असेल तर आधी आठवडाभर त्याच्या वाटीत जाणारी प्रत्येक गोष्ट ग्रॅममध्ये तोलून कागदावर लिहा, आणि तो कागद घेऊन पशुवैद्याकडे किंवा परळ, नागपूर, शिरवळ, उदगीर, परभणी इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जा. ‘काय घालू?’ असं विचारू नका. ‘यात काय कमी आहे?’ असं विचारा.